गावाजवळचा मातीचा तलाव: पावसाळ्यापूर्वी काय पाहावे आणि कोणाला सांगावे?

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

आमचे गाव माण-खटावच्या कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळी कामांत बांधलेला मातीचा पाझर तलाव आहे. त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक घरातल्या माणसांनी त्या भरावावर घमेली वाहिली, त्यामुळे तलाव गावाला स्वतःचा वाटतो. कागदोपत्री तो कोणाच्या ताब्यात आहे, हे मात्र आजवर कोणी विचारले नव्हते. तलावाच्या खालच्या बाजूला ओढ्याच्या दोन्ही काठांवर एक वस्ती आहे आणि त्याच्या पुढे प्राथमिक शाळा आहे.

गेल्या हंगामात तलाव बऱ्याच वर्षांनी काठोकाठ भरला. त्यानंतर भरावावर फिरताना जे दिसले ते येथे मांडतो. मागच्या उताराच्या पायथ्याशी, जुन्या ओढ्याचे पात्र जिथून जात होते नेमक्या त्या ठिकाणी, लव्हाळ्याची एक पट्टी आहे, जी आसपासचे सगळे गवत वाळले तरी हिरवी राहते. तलाव अर्ध्याच्या वर असला की तिथून बोटभर धार वाहते. मागच्या उतारावर वेड्या बाभळी माजल्या आहेत आणि त्यांतल्या काहींची खोडे मांडीएवढी जाड आहेत. माथ्यावरून ट्रॅक्टर जात असल्याने खोल चाकोऱ्या पडल्या आहेत व पावसाचे पाणी त्यांतच साचते. पाण्याकडच्या उताराचे पिचिंगचे (माती धुपू नये म्हणून बसवलेले) दगड बऱ्याच ठिकाणी नाहीसे झाले आहेत. ते कुठे गेले हे गावातल्या गोठ्यांचे जोते पाहिले की कळते. सांडव्यावर (तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर) पाणी जास्त अडावे म्हणून वाळूच्या पोत्यांची दीड-दोन फुटांची भिंत घातलेली आहे आणि तिच्या पुढे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावलेली आहे, जिच्यात शेवाळ आणि काटक्या अडकून बसल्या आहेत.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतली घरे माणसांसह वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. आमचा तलाव त्याच्या मानाने लहान आहे, पाऊस तर कोकणाच्या तुलनेत काहीच नाही, म्हणून गावातले बहुतेक लोक निश्चिंत आहेत. मला ती निश्चिंती पटत नाही. वर सांगितलेल्या गोष्टींपैकी खरी धोक्याची कोणती, कोणती नुसती देखभालीची, आणि लेखी तक्रार करायची तर ती कोणत्या कार्यालयाकडे, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे अशी विनंती आहे.

निवृत्त उपअभियंता

आपण केलेले वर्णन नेमके आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. माझी बरीचशी नोकरी लहान तलावांच्या कामांवर गेली.

मातीचे प्रत्येक धरण पाझरते. भरावाच्या मध्यभागी चिकण मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे आवरण असते आणि मागच्या पायथ्याला रॉक टो, म्हणजे निचऱ्यासाठी दगडांचा थर, असतो. गाभ्यातून जे थोडे पाणी येते ते रॉक टोमधून स्वच्छ होऊन बाहेर पडावे, अशीच रचना असते. त्यातही आपला तलाव पाझर तलाव आहे. त्याच्या तळातून पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना यावे, हाच त्याचा हेतू आहे. म्हणून खालच्या विहिरींचे पाणी वाढले तर ते चांगलेच आहे. परंतु पाणी भरावाच्या उतारावर किंवा अगदी पायथ्याशी उघड वाहू लागले, तर ते वेगळे प्रकरण आहे.

त्या धारेचा रंग पाहा. धार स्वच्छ असेल आणि तलावाची पातळी सारखी असताना तिचे प्रमाणही सारखेच राहत असेल, तर तातडीची भीती नाही. धार गढूळ असेल तर पाण्याबरोबर भरावातली माती बाहेर येत आहे. याला आम्ही पायपिंग म्हणतो. ते मागच्या बाजूला सुरू होते आणि माती खात खात तलावाच्या दिशेने आत सरकते; वरून भराव पूर्ण शाबूत दिसत असताना आत पोकळी तयार झालेली असते. ती पाण्यापर्यंत पोचली की हाताशी काही तासच उरतात, कधी तेवढेही नाहीत.

डोळ्यांना फसगत होऊ शकते, म्हणून एक साधी पद्धत सांगतो. पारदर्शक बाटलीत त्या धारेचे पाणी भरा, वर तारीख आणि तलावाची पातळी लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि बाटली रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर दिसला तर तो पुरावा आहे. दर आठवड्याची बाटली शेजारी शेजारी ठेवत गेलात तर थर वाढतो आहे की नाही हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. प्रमाण मोजण्यासाठी धार एका पन्हळीत घेऊन बादली भरायला किती सेकंद लागतात ते नोंदवा. व्ही-नॉच (पाणी मोजण्यासाठी V आकाराची खाच असलेली फळी) बसवता आला तर उत्तम. काटकोनी नॉचमध्ये पाण्याची उंची पाच सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर पाणी जाते आणि दहा सेंटिमीटर झाली की सव्वाचार लिटरांच्या वर जाते. उंची दुप्पट होते तेव्हा पाणी साडेपाच पटींहून अधिक वाढलेले असते, हे लक्षात ठेवा.

बाभळींविषयी: लहान रोपे मुळासकट उपटा. जाड खोडे मात्र घाईने तोडू नका. झाड तोडले की मुळे आत कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या वाटा मिळतात. तलाव कोरडा असताना खोड मुळांसह खणून काढावे आणि खड्डा योग्य मातीने थराथराने, पाणी मारून, धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून) भरावा. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

चाकोऱ्या आणि पिचिंग हे देखभालीचे प्रश्न आहेत, पण दुर्लक्षिले तर पुढे तेही भारी पडतात. सांडव्यावरची पोती आणि जाळी ही मात्र माझ्या दृष्टीने आपल्या यादीतली सर्वांत गंभीर बाब आहे.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूण तालुक्यातला आहे, म्हणून तिवऱ्याबद्दल थोडे लिहितो.

धरणात वीस लाख घनमीटरांहून अधिक पाणी मावत होते आणि ते वाशिष्ठीच्या खोऱ्यात डोंगराच्या अगदी कुशीत होते. तिथे गळती होत असल्याचे ग्रामस्थ आधीपासून सांगत होते. तक्रारी गेल्या होत्या, काही डागडुजीही झाली होती. दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी भराव पोखरल्याचे कारण सांगितले, आणि पुढे कितीतरी दिवस चर्चा खेकड्यांभोवतीच फिरत राहिली. त्यामुळे मूळ प्रश्न बाजूला पडला याचे मला आजही वाईट वाटते. खेकडे कोकणातल्या प्रत्येक बांधात असतात. गळती दिसल्यापासून धरण फुटेपर्यंतच्या काळात पाण्याची पातळी खाली का आणली गेली नाही आणि खालच्या वाडीला त्या पावसात दुसरीकडे का हलवले गेले नाही, हे दोन प्रश्न लोक विचारत होते.

धरण रात्री साडेनऊच्या सुमारास फुटले. पाऊस धोधो होता, लोक घरात होते. माती फुटल्याचा आवाज आणि पाणी यांच्यामध्ये पळायला वेळ मिळाला नाही. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे अलोरे येथे घरे बांधली गेली. घरे मिळाली हे चांगले झाले. पण आपल्या गावात अजून सगळे जिवंत असताना आपण हा धागा काढला आहे, म्हणून आवर्जून सांगतो की नुसती तक्रार नोंदवून थांबू नका. तक्रार नोंदलेली असणे आणि पाणी उतरवलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रब्बीचा शेतकरी

अभियंता साहेबांचा अनुभव मोठा आहे, त्याबद्दल आदर आहे. परंतु सांडव्यावरच्या पोत्यांना एकदम गंभीर बाब म्हणणे आमच्यासारख्यांना जड जाते. आमच्याकडेही असाच तलाव आहे. ज्या भागात पाच वर्षांतून एकदा सांडवा वाहतो, तिथे त्या दीड फुटाच्या पाण्यावर खालच्या विहिरी दीड-दोन महिने जास्त चालतात. ज्वारीला एक पाणी जास्त मिळणे म्हणजे काय, हे ज्याचे पोट शेतीवर आहे त्यालाच कळते. पोती काढा म्हणणे सोपे आहे. शिवाय मोठा पूर आलाच तर पोती आपोआप वाहून जातील, असे आमच्याकडे सगळेच म्हणतात.

निवृत्त उपअभियंता

आपली गरज खरी आहे आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही. तरीही हिशोब समोर ठेवतो.

सांडव्यावरून जाणारे पाणी उंचीच्या सरळ प्रमाणात नसते, ते उंचीच्या दीड घाताने वाढते. समजा सांडवा वीस मीटर लांब आहे आणि महत्तम पुराच्या वेळी त्यावरून एक मीटर उंचीने पाणी जाईल असे धरले आहे, तर तो सेकंदाला ढोबळमानाने चौतीस घनमीटर पाणी सोडू शकतो. आता अर्धा मीटर उंचीची पोती घाला. पाण्याची कमाल पातळी तीच ठेवली तर सांडव्यावर अर्धाच मीटर उरतो आणि त्यातून जाते जेमतेम बारा घनमीटर. अर्धी उंची अडवली आणि क्षमता तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आली. उरलेले पाणी तलावात चढत राहते, फ्रीबोर्ड (कमाल पाणीपातळी आणि माथा यांच्यातली राखीव उंची) खाऊन टाकते आणि शेवटी माथ्यावरून वाहू लागते. दगडी धरण माथ्यावरून वाहिलेले पाणी काही काळ सोसते. मातीचे सोसत नाही. गुजरातमध्ये ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरणाचे मातीचे भराव असेच पाणी माथ्यावरून जाऊन फुटले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. तिथे पूरच सांडव्याच्या क्षमतेहून कितीतरी मोठा आला होता; आपण पोती घालून क्षमता स्वतःच्या हाताने कमी करतो.

पोती वाहून जातील या भरवशाबद्दल: शेवाळाने आणि गाळाने सांधलेली पोती पुष्कळदा हलत नाहीत. हलली तर सगळी एकदम जातात आणि साठलेल्या दीड फुटाचा लोंढा खालच्या वस्तीवर जातो. जाळीत काटक्या अडकल्या की तीही भिंतच होते. कमी पावसाच्या पट्ट्यातला पाऊस सरासरीने कमी असतो, पण तिथे एका रात्रीत ढग कोसळतात, हे माणदेशातल्या माणसाला मी सांगायला नको.

साठा वाढवायचा असेल तर योग्य मार्ग गाळ काढण्याचा आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना त्यासाठीच आहे. मात्र जेसीबी भरावाच्या पायथ्यापासून पुरेसा दूर राहील, फक्त गाळच उचलला जाईल आणि खालचा मुरूम उघडा पडणार नाही, याकडे गावाने स्वतः उभे राहून लक्ष द्यावे. भरावालगत खोल खड्डे पाडले की पाण्याकडचा उतार घसरतो.

सजग वाचक

माझा थोडा वेगळा प्रश्न आहे. आमच्या तलावाला कालव्यासाठी विमोचक (पाणी सोडण्याचा दार असलेला नळ) आहे आणि गळती त्याच्या विहिरीजवळच दिसते. त्याला निराळे महत्त्व आहे का?

निवृत्त उपअभियंता

आहे. भरावातून आरपार जाणारे कोणतेही बांधकाम हा मातीच्या धरणातला सर्वांत नाजूक भाग असतो, कारण काँक्रीट आणि माती यांच्या सांध्यावर धुम्मस नीट बसत नाही. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी पहिल्याच भरण्यात फुटले, तेव्हाही विमोचकाच्या बांधकामावरचा भराव खचण्यापासूनच सुरुवात झाली होती. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही ते वाचले नाही, आणि त्या पाण्याने खडकवासला फोडून पुणे बुडवले. आपल्याकडची गळती विमोचकाच्या नळातून येते की त्याच्या बाहेरून, मातीच्या सांध्यातून, हे आधी तपासून घ्या. दार पूर्ण बंद असताना नळाच्या बाहेरून पाणी येत असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नका, आजच लेखी कळवा.

कायद्याचा अभ्यासक

तक्रार कोणाकडे, या प्रश्नाबद्दल लिहितो.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. पंधरा मीटरांहून उंच असलेली सर्व धरणे त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरांमधली धरणे काही अटींवर येतात. त्यांतली लहान तलावांच्या बाबतीत उपयोगी पडणारी अट म्हणजे साठा किमान दहा लाख घनमीटर असणे किंवा माथ्याची लांबी किमान पाचशे मीटर असणे. ही उंची पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून मोजतात, ओढ्याच्या तळापासून नव्हे, म्हणून नुसत्या डोळ्यांनी बघून आपला तलाव कायद्याबाहेर आहे असे गृहीत धरू नये. कायद्यात येणाऱ्या धरणाची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे, तसेच प्रत्येक पुरानंतर किंवा काही विपरीत लक्षण दिसल्यास तपासणी करणे, हे मालक विभागाचे कर्तव्य आहे. आपत्कालीन कृती आराखडाही बंधनकारक आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक, आणि त्यांच्या सुरक्षिततेचे काम पाहणारी राज्याची संघटना नाशिकला आहे.

आता कटू भाग. १९७२ च्या काळातले बहुसंख्य पाझर तलाव दहा मीटरांपेक्षा कमी उंचीचे आहेत आणि म्हणून या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. खाली वस्ती असेल तर आठ मीटरांचा तलावही माणसे मारू शकतो. त्यामुळे उंचीइतकाच खालच्या वस्तीचाही विचार कायद्याने करायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

सहाशे हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेची कामे सर्वसाधारणपणे मृद व जलसंधारण विभागाकडे असतात, आणि शंभर हेक्टरांच्या आतली बरीच कामे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे. दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात, असा अनुभव मला एका प्रकरणात आला आहे. म्हणून माहितीच्या अधिकारात दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज करावा आणि तलावाची नोंदवही, सांडव्याची मूळ लांबी, पूर्ण संचय पातळी (तलाव पूर्ण भरल्यावरची पाणीपातळी), माथ्याची पातळी व शेवटच्या तपासणीचा अहवाल मागावा. सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची असली तरी जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद कायद्यात आहे. गढूळ गळती दिसत असेल तर अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करा. तलाव कोणाचाही निघो, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि त्यांची जबाबदारी धरणाच्या उंचीवर अवलंबून नसते.

वर्गशिक्षिका

माझी शाळाही अशाच एका तलावाच्या खाली आहे. कागदपत्रांना वेळ लागेल हे समजते. पण उद्या रात्रीच पाऊस लागला तर वस्तीने आणि शाळेने काय करावे, याबद्दल कोणीतरी लिहावे. मुलांना कोणत्या बाजूला न्यायचे, हेसुद्धा आमच्याकडे ठरलेले नाही.

वाशिष्ठीकाठ

ताई, ओढ्याच्या दिशेने पुढे पळायचे नाही, ओढ्याला आडव्या दिशेने बाजूच्या उंचीकडे जायचे. तिथे जाण्याची वाट ओढा ओलांडून जात असेल तर ती वाट बाद समजा. उंचावरचे एक घर किंवा मंदिर आधीच ठरवा आणि मुलांना दिवसाउजेडी दोन-तीनदा चालवत न्या. जोरदार पावसाच्या रात्री भरावावर दोन माणसांची पाळी ठेवा, एकट्याला पाठवू नका. फोनला रेंज राहील असे धरून चालू नका. मंदिराची घंटा, मशिदीचा भोंगा, ग्रामपंचायतीचा सायरन, जे असेल ते इशाऱ्यासाठी ठरवा आणि त्याचा अर्थ प्रत्येक घराला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, आधी सांगून ठेवा.

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ग्रामसभेसमोर ठेवण्यासाठी मसुदा तयार करत आहे. पोती आणि जाळी काढण्याचा विषय त्यात पहिला घेतला आहे, आणि ‘रब्बीचा शेतकरी’ यांनी मांडलेली अडचण आमच्याकडेही उभी राहणार असल्याने गाळ काढण्याचा प्रस्ताव त्याच ठरावाला जोडला आहे. बाटलीत पाणी भरून ठेवले होते; तळाशी बारीक माती दिसते, थर केसाएवढा आहे. तलावात आज निम्म्याहून थोडे अधिक पाणी आहे. पाझर तलाव असल्याने आमच्याकडे विमोचक नाही. मग पाणी उतरवायचे कसे? गावातले काही जण भराव एका कडेने थोडा कापावा असे म्हणत आहेत.

निवृत्त उपअभियंता

भराव कापू नका. मातीतून एकदा पाणी वाहू लागले की त्या कापाची रुंदी आणि खोली तुमच्या हातात राहत नाही. तुम्ही स्वतःच तलाव फोडलेला असेल.

विमोचक नसेल तर सायफन हा मार्ग आहे. एचडीपीई (मजबूत प्लास्टिकचा) पाइप माथ्यावरून टाकून, पंपाने पाणी भरून सायफन सुरू करता येतो. पाण्याची पातळी माथ्यापासून साधारण सहा मीटरांपर्यंत खाली असेल तोवर तो चालतो. मागचे तोंड भरावाच्या पायथ्याशी सोडू नका, पाइप लांब नेऊन थेट ओढ्यात सोडा, नाहीतर तीच जागा खणली जाईल. सहा इंची एका पाइपातून सेकंदाला तीस लिटर जाते असे धरले तर दिवसाला अडीच हजार घनमीटर होतात. तलावाचा पसारा दहा हेक्टर असेल तर एक मीटर पातळी उतरवायला एका पाइपाला पाच आठवड्यांहून अधिक लागतील आणि चार पाइपांना नऊ-दहा दिवस. पाऊस सुरू झाल्यावर हे जमणार नाही, म्हणून आत्ताच सुरू करा. हे पाणी वाया जाण्याची गरज नाही, खालच्या विहिरींत आणि शेततळ्यांत वळवता येईल. पातळी एकदम खाली आणू नका. ओला भराव पाण्याकडे घसरू शकतो, म्हणून दिवसाला वीतभराहून जास्त उतरू देऊ नका.

थर केसाएवढा आहे म्हणून तो सोडून देऊ नका. त्या धारेच्या तोंडावर माती किंवा सिमेंट घालून ती बंद करू नका. पाणी थांबत नाही, आत दाब वाढवून दुसरीकडून फुटते. तिथे आधी स्वच्छ भरड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि सर्वांत वर दगड, असे थर घाला. यामुळे पाणी येत राहते आणि माती मागे अडते. हा तात्पुरता उपाय आहे. अभियंत्याची प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत वेळ मिळवण्यासाठी तो करायचा. बाटली चिठ्ठीसह जपून ठेवा, छायाचित्र तारखेसह काढा आणि ठरावाबरोबर ती बाटली स्वतः घेऊन कार्यालयात जा. पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.